संमती, अनुमोदन की शिक्कामोर्तब? : अमेरिकेच्या शिक्षणमंत्र्याची नियुक्ती आणि सेनेट

पदव्युत्तर वर्गात भाषांतराचा अभ्यास चालू असता अमेरिकन वृत्तपत्रातील एक लहानसे वाक्य विद्यार्थ्यांपुढे ठेवले होते. नव्या शिक्षणप्रमुखाच्या नियुक्तीस तेथील सेनेटने होकार दिला, एवढाच त्याचा आशय. वर्गातून तीन भाषांतरे पुढे आली. एकाने लिहिले, ‘शिक्षण सचिव पदावर कायम झाल्या’. दुसऱ्याने लिहिले, ‘शिक्षण सचिवांच्या नियुक्तीस सेनेटचे अनुमोदन’. आणि तिसऱ्याने वृत्तपत्री मराठीस अनुसरून लिहिले, ‘नियुक्तीवर सेनेटचे शिक्कामोर्तब’. तिन्ही वाक्ये मराठी म्हणून निर्दोष होती आणि आशयाच्या दृष्टीने तिन्ही कमीअधिक प्रमाणात चुकलेली होती.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांचा म्हणता येत नाही. जी संस्था आपल्या राज्यव्यवहारात नाही तिच्यासाठी शब्दही आपल्यापाशी नसतो. मग जवळचा एखादा शब्द आपण उसना घेतो आणि त्या शब्दाबरोबर आपल्याकडील व्यवहाराची छाया नकळत त्या परक्या संस्थेवर पडते. म्हणून प्रस्तुत लेखात दोन गोष्टी एकत्र करावयाच्या आहेत. राष्ट्राच्या शिक्षणखात्याचा प्रमुख विधिमंडळाच्या संमतीने नेमण्याची अमेरिकेतील पद्धत कशी चालते, हे प्रथम पाहावयाचे. आणि ती पाहत असता ‘सल्ला’, ‘संमती’, ‘प्रगती’ ह्यांसारखे शब्द सत्तेच्या व्यवहारात कसे वागतात, ह्याकडेही लक्ष द्यावयाचे. ह्या दोन गोष्टी परस्परांपासून फारशा दूर नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. प्रथम शब्दांविषयी

‘सचिव’ ह्या शब्दापासून आरंभ करू. आजच्या मराठीत सचिव म्हणजे मंत्र्याच्या हाताखाली खात्याचा कारभार पाहणारा सनदी अधिकारी. अमेरिकेत ज्याला इंग्रजीत सेक्रेटरी म्हणतात तो असा अधिकारी नव्हे. तो अध्यक्षाच्या मंत्रिमंडळाचा सभासद असतो आणि अध्यक्षाच्या मर्जीपर्यंतच अधिकारावर राहतो. तेव्हा त्याला ‘शिक्षणमंत्री’ म्हणणे अधिक योग्य. गंमत अशी की, शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री आणि सचिव हे दोघेही प्रधानच होते. जुन्या सुरनिसाच्या पदाला ‘सचिव’ हे नाव मिळाले होते. म्हणजे सतराव्या शतकातील मराठीत ‘शिक्षण सचिव’ हे भाषांतर कदाचित चालून गेले असते. आज मात्र ते वाचकाला मंत्रालयातील एखाद्या खोलीत नेऊन सोडते.

‘कायम होणे’ ह्या प्रयोगात निराळी अडचण आहे. आपल्याकडे नोकर परिवीक्षेचा काळ संपल्यावर कायम होतो, म्हणजे तो आधीपासून कामावर असतो. अमेरिकेत नामनिर्देशित व्यक्तीला सेनेटच्या संमतीपूर्वी त्या पदाचा कोणताही अधिकार नसतो. ‘अनुमोदन’ हा शब्द सभाशास्त्रातला. एकाने सूचना मांडावी, दुसऱ्याने तिला पाठिंबा द्यावा, म्हणजे अनुमोदन झाले. परंतु अनुमोदनाने सूचना मंजूर होत नाही, ती फक्त चर्चेस पात्र होते. सेनेटचा होकार हा शेवटचा निर्णय असतो.

राहता राहिला ‘शिक्कामोर्तब’. हा शब्द आज ‘आधीच ठरलेल्या गोष्टीवर औपचारिक मोहोर’ ह्या अर्थाने वापरला जातो आणि म्हणूनच तो येथे सर्वांत जास्त फसवा आहे. मूळच्या व्यवहारात मात्र त्याचे दोन अवयव भिन्न होते. मराठेशाहीतील पत्रांत शिक्का हा पत्राच्या माथ्यावर असे आणि आज्ञा कोणाची ते सांगत असे. मोर्तब ही मजकुराच्या शेवटी उमटविली जाई आणि मजकूर येथे संपला, ह्यापुढे कोणी काही घालू नये, अशी मर्यादा ती दाखवीत असे. हा जुना भेद ध्यानात ठेवला तर अमेरिकन पद्धतीचे वर्णन करण्यास तो चांगलाच उपयोगी पडतो : नामनिर्देशनाचा शिक्का अध्यक्षाचा, मर्यादेची मोर्तब सेनेटची. दोहोंपैकी एक नसेल तर पत्र पुरे होत नाही.

२. घटनेतील तरतूद आणि तिची प्रथा

१७८७ साली तयार झालेल्या अमेरिकन राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमात ही तरतूद आहे. राजदूत, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि संघराज्याचे इतर अधिकारी ह्यांचे नामनिर्देशन अध्यक्षाने करावे आणि सेनेटच्या सल्ल्याने व संमतीने त्यांची नियुक्ती करावी, असा तिचा भावार्थ आहे. ह्या एकाच वाक्यात तीन क्रियापदांचे काम आहे. निर्देश करणे, संमती देणे आणि नेमणे ह्या तीन पायऱ्या होत; पहिली व तिसरी अध्यक्षाची, मधली सेनेटची. सेनेटला स्वतःहून नाव सुचविण्याचा अधिकार नाही. पुढे आलेले नाव नाकारण्याचा मात्र आहे.

अलेक्झांडर हॅमिल्टन ह्याने १७८८ साली ‘फेडरलिस्ट’ मालेतील शहात्तराव्या लेखात ह्या व्यवस्थेचे समर्थन केले. त्याच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, सेनेट क्वचितच नकार देईल; परंतु नकार मिळू शकतो ही भीतीच अध्यक्षाला आपले आप्त, आपले प्रांतवाले व आपले खुशमस्करे ह्यांना पदे देण्यापासून परावृत्त करील. अधिकाराचा उपयोग न करताही त्याचा परिणाम होतो, हा राज्यशास्त्रातील मार्मिक विचार त्यात आहे.

‘सल्ला’ आणि ‘संमती’ ह्या जोडीतील पहिल्या शब्दाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १७८९ मध्ये अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे दक्षिणेकडील मूळ रहिवासी जमातींशी करावयाच्या तहाबाबत सल्ला घेण्यासाठी स्वतः सेनेटमध्ये गेले. सभासदांनी तेथल्या तेथे उत्तर देण्याऐवजी विचारासाठी वेळ मागितला. वॉशिंग्टन नाराज झाले आणि अशा प्रकारे सल्ला मागण्याची प्रथा रुजलीच नाही. त्याच महिन्यात सॅव्हाना बंदरावरील एका अधिकाऱ्याच्या नेमणुकीस सेनेटने नकार दिला. नामनिर्देशन नाकारले गेल्याचा तो पहिला प्रसंग होय. अशा रीतीने राज्यघटनेच्या पहिल्याच वर्षी सल्ला मागे पडला आणि संमतीला, अर्थात् नकाराला, धार आली.

आपल्या राज्यघटनेत नेमके उलटे घडले आहे. चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतीला मंत्रिमंडळाने ‘सल्ला’ द्यावयाचा असतो. परंतु १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने हा सल्ला राष्ट्रपतीवर बंधनकारक केला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याची मुभा तेवढी दिली. म्हणजे इंग्रजीतील तोच एक शब्द एका घटनेत क्षीण होऊन गेला आणि दुसऱ्या घटनेत आज्ञेइतका प्रबळ झाला. शब्दाचा अर्थ कोशात नसून व्यवहारात असतो, ह्या सिद्धांतास ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मंत्रिमंडळाच्या पदासाठी आलेले नाव मतदानाने फेटाळले जाण्याचे प्रसंग फार थोडे आहेत. पहिला १८३४ मधला. अर्थमंत्री म्हणून रॉजर टॉनी ह्यांचे नाव नाकारले गेले. संरक्षणमंत्रिपदासाठी आलेले जॉन टॉवर ह्यांचे नाव १९८९ मध्ये ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडले. ह्या अल्पसंख्येवरून मात्र सेनेटची संमती निव्वळ उपचार आहे असे अनुमान काढणे बरोबर होणार नाही. कारण पराभव दिसू लागला की, नाव बहुधा मतदानापूर्वीच मागे घेतले जाते. फेब्रुवारी २०१७ मध्ये श्रममंत्रिपदासाठी नामनिर्देशित झालेल्या अँड्र्यू पझडर ह्यांनी अशीच माघार घेतली. हॅमिल्टनने वर्णिलेली भीती ती हीच.

३. शिक्षणखाते आणि त्याच्या प्रमुखाच्या मर्यादा

अमेरिकेच्या राज्यघटनेत ‘शिक्षण’ हा शब्द नाही. जे अधिकार संघराज्याला दिलेले नाहीत ते राज्यांकडे वा जनतेकडे राहतात, ह्या दहाव्या दुरुस्तीतील तत्त्वानुसार शाळा ह्या मुख्यतः राज्यांच्या व स्थानिक मंडळांच्या अखत्यारीत आहेत. शालेय शिक्षणाच्या एकूण खर्चातील संघराज्याचा वाटा सामान्यतः दहा टक्क्यांच्या आसपास असतो.

अशा देशात शिक्षणखात्याचे अस्तित्वच वादाचा विषय व्हावे ह्यात नवल नाही. १८६७ साली पहिले शिक्षणखाते स्थापन झाले. परंतु थोड्याच अवधीत त्याचा दर्जा उतरवून ते गृहव्यवस्था पाहणाऱ्या दुसऱ्या खात्याचे एक कार्यालय करण्यात आले. १९५३ मध्ये आरोग्य, शिक्षण व कल्याण ह्यांचे संयुक्त खाते झाले. स्वतंत्र शिक्षणखात्याचा कायदा अध्यक्ष जिमी कार्टर ह्यांच्या स्वाक्षरीने ऑक्टोबर १९७९ मध्ये संमत झाला आणि मे १९८० पासून खात्याचे काम सुरू झाले. शर्ली हफस्टेडलर ह्या पहिल्या शिक्षणमंत्री. त्याच वर्षीच्या निवडणुकीत रोनाल्ड रेगन ह्यांनी हे खाते बंद करण्याचे अभिवचन दिले होते. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही.

अभ्यासक्रम ठरविण्यास वा शाळांच्या दैनंदिन कारभारावर हुकमत चालविण्यास ह्या खात्याला कायद्यानेच मनाई आहे. मग त्याच्या हाती उरते काय? गरीब मुलांच्या शाळांना १९६५ च्या कायद्यानुसार द्यावयाचे साहाय्य; अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५ मध्ये प्रथम मान्य झालेला हक्क; महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणारी कर्जे व अनुदाने; वंश, लिंग इत्यादींवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कारवाई; आणि शैक्षणिक आकडेवारीचे संकलन. ही यादी लहान दिसते. परंतु जे मूल दुर्बळ आहे, ज्याच्यासाठी स्थानिक मंडळात बोलणारा कोणी नाही, नेमक्या त्याच मुलाशी ह्यांतील बहुतेक बाबींचा संबंध येतो. म्हणून खात्याच्या प्रमुखाला ह्या थोड्या गोष्टी तरी नीट ठाऊक असाव्यात, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

२००१ ते २००९ ह्या काळातील तीन शिक्षणमंत्री, रॉड पेज, मार्गारेट स्पेलिंग्ज व आर्नी डंकन, ह्यांना सेनेटने आवाजी मतानेच संमती दिली. एकेकाचे मत नोंदविण्याचीही आवश्यकता कोणास वाटली नाही. त्यानंतर चित्र पालटले. मार्च २०१६ मध्ये जॉन किंग ह्यांच्या बाजूने ४९ व विरुद्ध ४० मते पडली; आणि पुढील वर्षी जे घडले ते तर अभूतपूर्व होते.

४. १७ जानेवारी २०१७ ची सुनावणी

अध्यक्षपदी निवडून आलेले डोनाल्ड ट्रम्प ह्यांनी शिक्षणमंत्रिपदासाठी मिशिगन राज्यातील बेट्सी डेव्हॉस ह्यांचे नाव पुढे केले. पालकांना शाळा निवडण्याचा हक्क असावा, सरकारी पैसा मुलामागून जावा, व्हाउचर व चार्टर शाळा वाढाव्यात, ह्या मतांचा त्यांनी अनेक वर्षे पुरस्कार केला होता. त्यांच्या समर्थकांच्या दृष्टीने जुन्या व्यवस्थेबाहेरची व्यक्ती हाच त्यांचा गुण होता. विरोधकांच्या दृष्टीने सार्वजनिक शाळांचा प्रत्यक्ष अनुभव नसणे हाच त्यांचा दोष होता.

सेनेटच्या आरोग्य, शिक्षण, श्रम व निवृत्तिवेतन समितीपुढे १७ जानेवारीच्या सायंकाळी सुनावणी झाली. समितीचे अध्यक्ष लमार अलेक्झांडर हे स्वतः १९९१ ते १९९३ ह्या काळात शिक्षणमंत्री होते. अर्थात् ह्या परीक्षेच्या दोन्ही बाजूंना बसण्याचा अनुभव त्यांना होता. मागील प्रथेचा हवाला देऊन त्यांनी प्रत्येक सभासदास पाच मिनिटांची एकच फेरी दिली. विरोधी सभासदांनी दुसरी फेरी मागितली. ती मिळाली नाही.

भाषेच्या अभ्यासकाला त्या सुनावणीतील सर्वांत उद्बोधक क्षण मिनेसोटाचे सेनेटर अल फ्रँकन ह्यांच्या प्रश्नातून निर्माण झाला. परीक्षांनी विद्यार्थ्याचे प्रावीण्य मोजावे की त्याची प्रगती मोजावी, ह्याविषयी आपले मत काय, असे त्यांनी विचारले. डेव्हॉस ह्यांनी जे उत्तर दिले त्यात नाव प्रावीण्याचे होते आणि वर्णन प्रगतीचे होते. फ्रँकन ह्यांनी ते तेथेच दाखवून दिले आणि शिक्षणक्षेत्रात अनेक वर्षे चाललेला हा वाद नियोजित शिक्षणमंत्र्यांना परिचित नसावा ह्याबद्दल आश्चर्य व्यक्त केले.

हा वाद केवळ पारिभाषिक नाही. समजा, सहाव्या इयत्तेत आलेला एक मुलगा तिसरीच्या मुलाइतकेच वाचू शकतो. वर्षभर शिक्षकाने कष्ट घेतले आणि वर्षाच्या अखेरीस तो पाचवीइतके वाचू लागला. प्रावीण्याच्या मापाने तो अनुत्तीर्ण, शिक्षक अयशस्वी आणि शाळा मागासलेली ठरते. प्रगतीच्या मापाने त्याने एका वर्षात दोन वर्षांची मजल मारलेली असते. उलट, जो मुलगा आधीच सातवीइतके वाचत होता आणि वर्षभर जागचा हलला नाही, तो पहिल्या मापाने यशस्वी व दुसऱ्याने स्थिर ठरतो. २००२ मध्ये अमलात आलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ ह्या कायद्याने २०१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण व्हावीत असे लक्ष्य ठेवले होते. तेव्हा उत्तीर्णतेच्या रेषेच्या अगदी खाली असलेल्या मुलांवरच सारे लक्ष केंद्रित करण्याचा आणि फार मागे पडलेल्यांना सोडून देण्याचा मोह शाळांना होऊ लागला. डिसेंबर २०१५ च्या नव्या कायद्याने राज्यांना प्रगतीचे माप विचारात घेण्यास वाव दिला. त्या कायद्याची अंमलबजावणी नव्या मंत्र्याकडेच येणार होती. म्हणून प्रश्न अगदी प्रस्तुत होता.

येथे आपल्या भाषेकडेही एक दृष्टिक्षेप टाकणे अवश्य आहे. आपल्या शाळांतून मुलाला जे पुस्तक मिळते त्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘प्रगतिपुस्तक’ म्हणत आलो. नाव प्रगतीचे, आतील रकाने मात्र गुणांचे, शेऱ्यांचे व श्रेणीचे, म्हणजे प्रावीण्याचे. जून ते एप्रिल ह्या काळात मूल कोठून कोठे आले, हे त्या पुस्तकावरून क्वचितच कळते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने जो कार्यक्रम हाती घेतला त्याचे नाव ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आणि २०२१ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे नाव ‘निपुण भारत’. एकात गतीचा धातू आहे, दुसऱ्यात नैपुण्याची अवस्था आहे. वॉशिंग्टनमधील त्या सायंकाळी जो गोंधळ एका व्यक्तीच्या उत्तरात उघड झाला, तो आपल्या शब्दांत इतका मुरलेला आहे की, तो गोंधळ आहे हेही आपल्या ध्यानात येत नाही. दुसऱ्याच्या अज्ञानावर हसण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घेणे बरे.

दुसरा प्रसंग अपंग मुलांच्या कायद्यासंबंधीचा. संघराज्याचा पैसा घेणाऱ्या सर्व शाळांनी हा कायदा पाळलाच पाहिजे की नाही, असे व्हर्जिनियाचे सेनेटर टिम केन ह्यांनी विचारले असता, ती बाब राज्यांवर सोपविणे उत्तम, असे उत्तर आले. न्यू हँपशायरच्या सेनेटर मॅगी हॅसन ह्यांनी पुढे हा संघराज्याचाच कायदा असल्याचे निदर्शनास आणले, तेव्हा आपल्या समजुतीत गल्लत झाली असावी, असे डेव्हॉस ह्यांनी मान्य केले. राज्यांना अधिक स्वातंत्र्य असावे, हे एक धोरण झाले आणि ते आदरणीयही असू शकते. परंतु अस्तित्वात असलेल्या कायद्याचे बंधन आहे की नाही, हा मताचा प्रश्न नसून ज्ञानाचा प्रश्न आहे. सुनावणीचे खरे कार्य ह्या दोहोंतील रेषा स्पष्ट करणे हे होय.

५. मतदान

३१ जानेवारीस समितीने १२ विरुद्ध ११ मतांनी नाव सेनेटकडे पाठविले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षातील सुझन कॉलिन्स व लिसा मुर्कोव्स्की ह्या दोन सभासदांनी आपण अंतिम मतदानात विरोध करणार असल्याचे जाहीर केले. वास्तविक समितीत ह्या दोघींनीच अनुकूल मत दिले होते. त्यांची भूमिका अशी की, समितीतील मत हे नाव संपूर्ण सभागृहापुढे जाऊ देण्यापुरते. संमती ही त्याहून निराळी गोष्ट. सभाशास्त्रातील अनुमोदन आणि संमती ह्यांचा जो भेद वर सांगितला, तोच येथे प्रत्यक्ष कृतीत उतरलेला दिसतो.

सेनेटमध्ये अध्यक्षांच्या पक्षाचे ५२ सभासद होते. दोन वजा जाता ५० विरुद्ध ५० अशी बरोबरी होणार, हे उघड झाले. विरोधकांनी मतदानापूर्वी सुमारे चोवीस तास सभागृहात भाषणे चालू ठेवली, ती आणखी एखादा सभासद फुटावा ह्या आशेने. ॲलाबामाचे सेनेटर जेफ सेशन्स हे स्वतः विधिमंत्रिपदासाठी नामनिर्देशित होते. त्यांच्या नियुक्तीचे मतदान आधी झाले असते तर सेनेटमधील त्यांचे मत गेले असते. म्हणून ते डेव्हॉस ह्यांच्या मतदानानंतर घेण्यात आले. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी मते समसमान पडली आणि सेनेटचे अध्यक्षस्थान भूषविणारे उपाध्यक्ष माइक पेन्स ह्यांनी निर्णायक मत देऊन संमती मिळवून दिली. मंत्रिमंडळाच्या नियुक्तीसाठी उपाध्यक्षाच्या मताचा उपयोग होण्याचा हा इतिहासातील पहिलाच प्रसंग. जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्याच्या बाबतीत तो दुसऱ्यांदा घडला.

ही संधी एकदा झोपेमुळे हुकली होती, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. मार्च १९२५ मध्ये चार्ल्स वॉरन ह्यांच्या नियुक्तीवर मते समसमान पडली. परंतु त्या वेळी उपाध्यक्ष चार्ल्स डॉस हे हॉटेलात विश्रांती घेत होते. ते धावतपळत येईपर्यंत एका सभासदाने आपले मत फिरविले आणि नाव फेटाळले गेले.

२०१३ पूर्वी चर्चा थांबवून मतदान घेण्यासाठी साठ सभासदांची आवश्यकता असे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या बहुसंख्य पक्षाने, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाने, सर्वोच्च न्यायालय वगळून इतर नियुक्त्यांसाठी साधे बहुमत पुरेसे ठरविले. तीन वर्षांनी त्याच नियमाचा लाभ विरुद्ध पक्षाला झाला. जुना नियम असता तर विरुद्ध पक्षातील काहींचे तरी मन वळविणे भाग पडले असते आणि कदाचित निराळे नाव पुढे आले असते. संमतीचे मूल्य ती किती जणांकडून मिळवावी लागते ह्यावर अवलंबून असते, हा ह्यातील बोध होय.

डेव्हॉस ह्यांनी जानेवारी २०२१ मध्ये राजीनामा दिला. मार्च २०२१ मध्ये मिगेल कार्डोना ह्यांना ६४ विरुद्ध ३३ आणि ३ मार्च २०२५ रोजी लिंडा मॅकमॅहन ह्यांना ५१ विरुद्ध ४५ मतांनी संमती मिळाली. ह्या शेवटच्या प्रकरणात एक वेगळाच तार्किक पेच होता. नव्या मंत्र्यांनी खातेच संपवून स्वतःला बेकार करावे, अशी इच्छा अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी आधीच बोलून दाखविली होती. खाते बंद करण्यास काँग्रेसचा कायदा लागेल, हे मॅकमॅहन ह्यांनी सुनावणीत मान्य केले. संमतीनंतर थोड्याच दिवसांत कर्मचाऱ्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणण्याची घोषणा झाली, २० मार्च रोजी खाते बंद करण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा अध्यक्षीय आदेश निघाला आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, खटला चालू असेपर्यंत, नोकरकपातीस मुभा दिली.

जे. एल. ऑस्टिन ह्यांनी ज्या उक्तींना कृतिरूप उक्ती म्हटले, त्यांत सेनेटच्या संमतीची गणना करावी लागेल. ती वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही, वस्तुस्थिती निर्माण करते. अशा उक्तीमागे काही गोष्टी गृहीत असतात. पदासाठी संमती देताना ते पद राहणार, हे गृहीत असते. पद नाहीसे करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला दिलेली संमती ही पदास दिलेली संमती की पदाच्या लोपास? ५१ सभासदांच्या एकाक्षरी होकारावरून ह्याचे उत्तर काढता येत नाही. संमती व्यक्तीला मिळते, धोरणाला नव्हे. परंतु ती मिळाल्यावर तिचा आधार धोरणासाठी घेतला जातो.

६. आपल्याकडील व्यवस्था

आपल्या शिक्षणमंत्र्याला संसदेची पूर्वसंमती लागत नाही. पंच्याहत्तराव्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती पंतप्रधानाच्या सल्ल्याने मंत्री नेमतो. मंत्री सहा महिन्यांत संसदेचा सभासद झाला पाहिजे आणि मंत्रिमंडळ सामुदायिकपणे लोकसभेस जबाबदार असते. अमेरिकेत उलट, काँग्रेसचा सभासद असेपर्यंत कोणालाही मंत्री होता येत नाही. मंत्री सभागृहात बसतच नसल्यामुळे त्याला रोज प्रश्न विचारण्याची सोय नाही. म्हणून त्याला दारातच थांबवून विचारणे तेथे अगत्याचे ठरते. आपल्याकडे परीक्षा प्रवेशानंतरची व रोजची. तेथे मुख्य परीक्षा प्रवेशापूर्वीची.

हा भेद घटनाकारांना अज्ञात नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी. अमेरिकन पद्धत त्यांना चांगली परिचित होती. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक व संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक, असे सांगून मसुद्याने जबाबदारीला अग्रस्थान दिल्याचे स्पष्ट केले. २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नियुक्तीची चर्चा चालू असता, सेनेटसारखी विधिमंडळाची संमती आवश्यक करणे हे जिकिरीचे आहेच, शिवाय त्यामुळे नियुक्तीवर राजकीय दबाव येण्याचा संभव आहे, असे मत त्यांनी मांडले. २०१७ चा अनुभव पाहता हे मत दूरदर्शी होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि आपली पद्धत निर्दोष आहे, असा निष्कर्ष मात्र ह्यावरून निघत नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने शिक्षण हा विषय राज्यांच्या सूचीतून समवर्ती सूचीत आला आणि केंद्रीय शिक्षणमंत्र्याचे महत्त्व त्या मानाने वाढले. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजूर केले. असे धोरण राबविणाऱ्या व्यक्तीला, पद स्वीकारण्यापूर्वी, प्रावीण्य व प्रगती ह्यांविषयी आपले मत काय, असे जाहीरपणे कोणी विचारीत नाही. रोजची परीक्षा असते हे खरे. पण जी परीक्षा रोज असते ती गंभीरपणे घेतलीच जाते असे नाही, हे आपणां अध्यापकांस वेगळे सांगावयास नको.

७. समारोप

ह्या विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात असे. विधिमंडळाची पूर्वसंमती ही उत्तम व्यक्ती मिळण्याची हमी नव्हे. पक्षशिस्त कडक झाली की, संमती ही मोजणीपुरती उरते. परंतु सुनावणीचे मूल्य तिच्या निकालात सर्वस्वी सामावलेले नसते. २०१७ मध्ये निकाल काही असो, प्रावीण्य आणि प्रगती ह्यांत भेद आहे, तो सहावीतल्या एका मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे आणि शिक्षणमंत्र्याला तो ठाऊक असावयास हवा, ही गोष्ट एका सायंकाळी असंख्य सामान्य माणसांच्या कानांवर गेली. प्रश्न नोंदला गेला. उत्तरही नोंदले गेले. अधिकारावर येणाऱ्या माणसाला अधिकार मिळण्यापूर्वी जाहीरपणे प्रश्न विचारता येणे, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि आता वर्गातील त्या वाक्याविषयी. ‘शिक्षणमंत्री म्हणून त्यांच्या नियुक्तीस सेनेटने संमती दिली’ असे साधे भाषांतर प्रस्तुत लेखकास सर्वांत कमी सदोष वाटते. त्यात ऐट नाही. पण ‘संमती दिली’ असे म्हटले की, ती नाकारताही आली असती, हे वाचकाला आपोआप कळते. ‘कायम झाल्या’, ‘अनुमोदन’, ‘शिक्कामोर्तब’ ह्या तिन्ही प्रयोगांत नकाराची ही शक्यता पुसली जाते. जेथे नकार शक्य नाही तेथे होकाराला अर्थ नाही, हे अर्थविचारातील सामान्य तत्त्व आहे. राज्यव्यवहारातही ते तितकेच खरे आहे.